टेबलावरचे खरेखुरे रूळ

लवासाला रेल्वे नाही. मुळशीच्या त्या डोंगरात गाडी धावायची, ती टेबलावरच! कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. ते पाहिलं की घरीही गाडी मांडावीशी वाटते. पण रूळ कोणते घ्यावेत?

प्रचलित प्रमाण १:८७. त्यात दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असतं. त्याला ८७ ने गुणलं की येतात १४३५, म्हणजे युरोपातलं माप. आपली ब्रॉडगेज १६७६ ची. तंतोतंत करायचं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत आणि मग प्रत्येक चाक बदलणं आलं. बहुतेकांना ते झेपत नाही.

मग उंची तरी खरी ठेवावी. खेळण्यातला नेहमीचा रूळ सुमारे अडीच मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २२०. आपला साठ किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. त्याला १.९ मिलिमीटरचा रूळ जवळचा. मात्र जुन्या चाकांची कड खोल असते, ती बुटक्या रुळावर अडखळू शकते. म्हणून आधी एक तुकडा आणून गाडी चालवून पाहावी.

शेवटी रुळांच्या बाजू तांबूस रंगवाव्यात, माथा तेवढा चमकता ठेवावा. खरा रूळ तसाच दिसतो.