नवजात बाळाचे दुखणे आणि आईची भीती



व्यसनमुक्तीवर आपण पुष्कळ ऐकतो. परंतु ज्याने कधी व्यसन केले नाही आणि तरीही ज्याला ते भोगावे लागते, अशा नवजात अर्भकाविषयी आज चार शब्द बोलावेत असे आम्ही ठरविले आहे. आम्ही डॉक्टर नाही, बँकेतील कारकून आहोत. पण हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही.

गरोदर स्त्री गर्द, अफू, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलच्या गोळ्या दीर्घकाळ घेत असेल, तर ते द्रव्य वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. नाळ कापली की पुरवठा एकदम थांबतो. बहुधा एक ते तीन दिवसांत, कधी त्याहून उशिरा, बाळ कर्कश रडू लागते. हातपाय थरथरतात, झोप लागत नाही, दूध ओढता येत नाही. शिंका, घाम, जुलाब, क्वचित आकडीही येते. अमेरिकेतील डॉ. लोरेटा फिनेगन यांनी १९७५ साली अशा लक्षणांना गुण देण्याचा तक्ता मांडला. तथापि जंतुसंसर्गात किंवा रक्तातील साखर उतरल्यावरही यातील काही चिन्हे दिसतात. लघवीच्या तपासणीत मागील थोड्या दिवसांचेच कळते. म्हणून आईने सांगितलेली माहिती फार मोलाची ठरते. आणि आई घाबरली तर ती सांगत नाही.

१९२२ साली मुंबईतील कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना आढळले, की त्यांच्या शंभरापैकी ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. त्या माता दुष्ट नव्हत्या. गिरणीत जाताना मूल सांभाळायला कोणी नव्हते. त्यांना दोष देऊन काय साधले असते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली कायदा झाला. स्त्रीची अडचण दूर करावी, हीच त्यामागील दृष्टी होती.

तीच दृष्टी आजही हवी. गरोदर स्त्रीने असे औषध स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. त्याने गर्भाला धोका होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार आहेत. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ची स्थापना १९८६ साली झाली, तेथे स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग आहे. अशा बाळाला काही दिवस दवाखान्यात निरीक्षणाखाली ठेवावे लागते. शांत खोली, मंद उजेड, आईची कूस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आईचेच दूध, एवढ्यानेही पुष्कळ बाळे सावरतात. काहींना औषध लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वस्तीत अशी भगिनी असेल तर कुजबुज करू नका. तिला आशाताईंकडे न्या, जिल्हा रुग्णालयात सोबत जा. पाचवे शील आपण स्वतःच्या आचरणासाठी घेतो, दुसऱ्याच्या लेकीचा न्याय करण्यासाठी नव्हे. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!