छंद सायकलचा, भान रस्त्याचे

(व्याख्यानाचे शब्दांकन)



चर्चगेटपासून विरारपर्यंतचा लोहमार्ग सुमारे साठ किलोमीटरचा आहे. वसई, नायगाव, नालासोपारा, विरार येथील नोकरदाराने उमेदीची तीस-पस्तीस वर्षे या मार्गावर, बहुतांशी उभ्यानेच, घालवलेली असतात. दादरच्या पुलावरील कोणता जिना कोणत्या फलाटावर उतरतो, हे त्याला झोपेतही सांगता येते. मात्र निर्मळचे तळे कोणत्या दिशेला, सोपाऱ्याचा स्तूप कोणत्या वळणावर, असे विचारले तर तो क्षणभर थबकतो. ज्या भूमीत घर केले, मुले वाढवली, ती भूमी त्याच्या वाट्याला आली रात्रीच्या निवाऱ्यापुरती.

हा दुरावा मिटवण्याचा एक साधा आणि कमी खर्चाचा उपाय म्हणून सायकलच्या छंदाचा विचार व्हायला हवा. वरवर पाहता विषय व्यायामाचा आहे, पण त्याची व्याप्ती त्याहून मोठी आहे. जो माणूस सायकलवरून आपला परिसर हिंडतो, तो हळूहळू रहिवाशाचा नागरिक होतो. या एका विधानाभोवतीच आजचे विवेचन आहे.

गरजेकडून छंदाकडे

साठ-सत्तरच्या दशकांत सायकल ही मध्यमवर्गीय कुटुंबाची मालमत्ता होती. नगरपालिकेचा कर भरून मिळालेला बिल्ला तिच्यावर मिरवत असे. रात्री दिवा नसला किंवा कोणी ‘डबल सीट’ दिसला, तर पोलीस शिपाई हटकत असे. ज्यांच्या घरी सायकल नव्हती, ती मुले तासाच्या भाड्याने सायकल आणून, दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत चालवायला शिकत. पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली आणि ज्या वाहनाचा अभिमान होता, तेच गरिबीची खूण ठरले. पन्नाशीतल्या कारकुनाने सायकलवरून कचेरीत जावे, हे त्याच्या मुलांनाच कमीपणाचे वाटू लागले.

काळाची गंमत अशी की, २०२० च्या टाळेबंदीत व्यायामशाळा बंद झाल्या, लोकल थांबल्या आणि सायकलची मागणी एकाएकी वाढली. त्याच वर्षी ३ जून रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनीच, ‘ॲटलस’ या जुन्या भारतीय कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. गरजेची सायकल अस्ताला जात असताना छंदाची सायकल उदयाला येत होती, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे मिळणार नाही.

पूर्वसूरींचा वारसा

हा छंद पश्चिमेची उसनवारी आहे, असे समजण्याचे कारण नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पुरा केला आणि मार्च १९२८ मध्ये ते मुंबईला परतले. त्यांच्या सायकलींना गिअर नव्हते आणि वाट दाखवणारा भ्रमणध्वनीही नव्हता. वाळवंट आणि जंगल तुडवत ते तरुण गेले, पण पाठ्यपुस्तकांत त्यांची नावे अभावानेच आढळतात.

अलीकडच्या काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा महाराष्ट्राच्या परिचयाची झाली. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ साली सैन्यदलातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या तरुणीने वयाच्या विसाव्या वर्षी सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा पुरी केली. यांतील चारही पुरुष व्यवसायाने डॉक्टर आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रुग्ण, कर्तव्य, संसार हे सारे सांभाळून त्यांनी हा छंद जोपासला. ‘वेळ कुठे मिळतो’ ही तक्रार करणाऱ्यांना याहून निराळे उत्तर देण्याची गरज नाही.

आरंभ कसा करावा

अर्थात पन्नाशीच्या गृहस्थाने उद्याच अमेरिका ओलांडायला निघावे, असे कोणी म्हणणार नाही. चाळिशी उलटलेल्याने प्रथम डॉक्टरांकडून रक्तदाब, मधुमेह व हृदय यांची तपासणी करून घ्यावी. सायकल चालवताना शरीराचा भार सीटवर असल्याने धावण्याच्या मानाने गुडघ्यांना त्रास कमी होतो; पण सीटची उंची चुकली, तर हेच गुडघे पंधरा दिवसांत कुरकुरू लागतात. त्याची खूण सोपी आहे. सीटवर बसून पॅडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला, तर उंची योग्य. प्रत्यक्ष चालवताना पॅडलवर टाच नसून चवडा असतो, त्यामुळे गुडघ्याला आवश्यक तेवढा बाक आपोआप मिळतो.

दुकानात गेलेला नवखा माणूस एक तर जाड टायरच्या, डोंगरी दिसणाऱ्या सायकलीला भुलतो किंवा शर्यतीच्या वाकड्या हँडलच्या सायकलीला. पहिली डांबरी रस्त्यावर दमवते आणि दुसरी वाकण्याची सवय नसलेल्या पाठीला छळते. आरंभी सरळ हँडलची, २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीच्या टायरची, गिअर असलेली सायकल पुरेशी होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याहून अरुंद टायरचा मोह टाळावा. गिअरचे तंत्रही समजून घ्यावे. जड गिअर लावून जोर काढणे म्हणजे पुरुषार्थ नव्हे. हलका गिअर लावून पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा लयीत फिरवावेत. त्याने दम टिकतो आणि सांधेही टिकतात.

पहिल्या आठवड्यात आठ-दहा किलोमीटर, मग दर आठवड्याला थोडी वाढ, असा क्रम ठेवला, तर तीन महिन्यांत चाळीस किलोमीटरची फेरी सहज साधते. ज्यांना पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी ‘ब्रेव्हे’ या लांब पल्ल्याच्या सफरी आहेत. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस आणि सहाशेला चाळीस तास अशी त्यांची मुदत असते. तिथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. जो वेळेत पोहोचला, तो यशस्वी. स्पर्धा असते ती स्वतःच्या आळसाशी.

आणखी दोन गोष्टी वसईकराने विशेष ध्यानात ठेवाव्यात. येथील हवा खारी आहे. समुद्रकाठी फिरून आल्यावर सायकल ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून साखळीला तेल दिले नाही, तर एका पावसाळ्यात गंज चढतो. दुसरे असे की, जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि हातपंप सोबत असावाच. पहाटे साडेपाचला पंक्चरवाला दुकान उघडून बसलेला नसतो.

वीस किलोमीटरचा इतिहास

या छंदासाठी वसईसारखी भूमी शोधून सापडणार नाही. वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंतचे अंतर वीस किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. या टापूत चढ नाही, पण दोन हजार वर्षांहून अधिक काळाचा इतिहास मात्र ओळीने उभा आहे.

किल्ल्याची तटबंदी दिसली की चिमाजी अप्पांचे स्मरण होणारच. दोन वर्षांच्या मोहिमेनंतर मे १७३९ मध्ये हा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती आला. तेथून उत्तरेला गिरिजकडे वळले की केळी, नारळ आणि फुलांच्या वाड्या सुरू होतात. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा अंश १९५६ साली ज्या भुईगावात सापडला, ते गाव याच पट्ट्यात आहे. आठव्या लेखाचा अंश सोपाऱ्याचा. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. शूर्पारक बंदरातून एके काळी देशोदेशी गलबते जात, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या मातीवरून स्वतःच्या पायांच्या बळावर जाणे वेगळे. पुढे शंकराचार्यांच्या समाधीमुळे पवित्र मानले गेलेले निर्मळ, तेथील कार्तिकातील यात्रा, मग नंदाखालचे चर्च, आगाशीचे भवानीशंकराचे देऊळ आणि शेवटी अर्नाळ्याचा किनारा व पाण्यातला किल्ला. वाटेत एखाद्या घरी सुकेळी मिळाली, तर न्याहारीचीही सोय झाली.

मोटारीतून हाच रस्ता अर्ध्या-पाऊण तासात मागे पडतो. काचेआडून वास येत नाही आणि हाकही ऐकू येत नाही. सायकलस्वाराला मात्र वाडीतला माणूस ‘कुठून आलात?’ असे विचारतो. पूर्वेकडील इमारतीत राहणारा आणि पश्चिमेकडील वाडीत राहणारा यांच्यात एरवी संवादाची जागाच उरलेली नाही. पंक्चर काढायला थांबलेल्या सायकलस्वाराला पाण्याचा तांब्या पुढे करणाराची जात, पंथ, बोली निराळी असेल. ओळख मात्र पक्की होते.

रस्ता कोणाचा?

येथपर्यंतचे चित्र रम्य आहे. पण हा छंद घेणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात दुसरे चित्रही दिसते. रस्त्याच्या कडेचे खडे, उघडी गटारे, दुभाजकाला चिकटून उभी वाहने, उलट दिशेने येणारी रिक्षा आणि मागून कानठळ्या बसवणारा भोंगा. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. त्यांतील बहुतेकांचा सायकल हा छंद नव्हता, तर पोट होते. दूधवाला, सुरक्षारक्षक, कामगार, शाळेला जाणारी मुले. छंदासाठी सायकल घेणाऱ्याने या माणसांशी असलेले आपले नाते ओळखले पाहिजे. त्याला जो धोका रविवारी सकाळी दिसतो, तो त्यांच्या वाट्याला रोज संध्याकाळी येतो.

म्हणून शिस्त हा या छंदाचा पहिला नियम. कायदा सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती करत नाही, पण शहाणपण ती करते. पुढे पांढरा व मागे लाल दिवा, अंगात उठून दिसणारा कपडा, वाहतुकीच्या दिशेनेच चालणे, वळण्यापूर्वी हाताने खूण करणे आणि कानांत गाणी न लावणे, यांत कसूर नको. वालीव-सातिवलीकडील अवजड वाहनांचे रस्ते आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग नवख्याने टाळावेत. सराव झाल्यावर शिरसाडहून वज्रेश्वरीकडे जाणारा रस्ता आहे. तोही पहाटेच, आणि एकट्याने नव्हे.

परंतु केवळ सायकलस्वाराच्या शिस्तीने रस्ता सुरक्षित होत नाही. हॉलंडचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथील सायकलींचे स्वतंत्र मार्ग पाहून पर्यटक भारावतात आणि ‘ते लोकच निराळे’ म्हणून मोकळे होतात. वस्तुस्थिती अशी की, १९७१ साली त्या लहानशा देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. अपघातात आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. त्यातून चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर आले आणि १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या म्हणण्याला जोर आणला. मार्ग त्यानंतर झाले. ते कोणी दान दिले नव्हते, लोकांनी मागून घेतले होते.

वसई-विरार महानगरपालिका २००९ साली चार नगरपालिका व अनेक गावे मिळून स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. नव्या वसाहतींचे रस्ते आखताना सायकलीसाठी दीड-दोन मीटरची पट्टी राखणे आज शक्य आहे. दोन्ही बाजूंना दुकाने उभी राहिल्यावर ते होणार नाही. ही गोष्ट वातानुकूलित मोटारीत बसणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण त्याला ती बोचत नाही. सायकलस्वाराला ती बोचते. तेव्हा बोलण्याची जबाबदारीही त्याचीच आहे.

हे बोलणे निदर्शनांनीच करावे लागते असे नाही. चार-सहा मित्रांनी, त्यांत दोन भगिनी आणि शाळकरी मुलेही असोत, येत्या रविवारी पहाटे किल्ल्यापाशी जमावे आणि अर्नाळ्यापर्यंत जावे. वाटेत कोठे खड्डा आहे, कोठे गटाराचे झाकण नाही, कोणत्या शाळेपुढे गतिरोधक हवा, याची टिपणे ठेवावीत. सोमवारी ती टिपणे अर्जाच्या रूपाने प्रभाग समितीच्या कार्यालयात द्यावीत, पोच घ्यावी आणि महिन्याने पुन्हा त्याच रस्त्याने जाऊन काय झाले ते पाहावे. झाले नसेल, तर दुसरा अर्ज द्यावा.

व्यायाम होईल, प्रकृती सुधारेल, इतिहास दिसेल, माणसे जोडली जातील. शिवाय रोज सायकलने घरी परतणाऱ्या एखाद्या कामगाराचा रस्ता थोडा सुरक्षित होईल. ज्यांच्या घरी माळ्यावर किंवा जिन्याखाली जुनी सायकल धूळ खात पडली असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर तिच्या चाकांत हवा भरावी, एवढीच विनंती.