पंगत आणि वाटप

(अणदूर, ता. तुळजापूर येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



राजकीय शिबिरात रात्रीच्या जेवणावर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आले. विषय घरगुती आहे हे खरे. परंतु संपत्तीच्या न्याय्य वाटपाचा आग्रह धरणाऱ्या चळवळीला चुलीपाशी होणारे वाटप वर्ज्य कसे असेल?

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. दारिद्र्याची गणती कुटुंब धरून करावयाची, ही आमची रीत. घरात धान्य पुरेसे आले की ते प्रत्येकाच्या पोटात जाते, असे त्यात गृहीत असते. ऊसतोडीच्या मुकादमाचा हिशेबही असाच : नवराबायको मिळून एक ‘कोयता’, आणि उचल त्या कोयत्याची. पहाटे उठून भाकऱ्या थापणारी बाई त्या हिशेबात वेगळी दिसत नाही.

कुटुंबातील विषम वाटपाविषयी अमर्त्य सेन यांनी लिहिलेले मी वर्गात शिकवीत होतो. घरात मात्र ते मला पत्नीच्या रक्ततपासणीनंतर उमगले. हिमोग्लोबिन 7 निघाले. पगारदार प्राध्यापकाच्या घरी ही गत! त्या रात्री प्रथमच मी तिचे जेवण होईपर्यंत स्वयंपाकघरात थांबलो. दुरडीत अर्धी भाकरी होती. कोरड्यासाचे भांडे आम्ही बापलेकांनी केव्हाच रिकामे केले होते. ती जेवायला बसे तेव्हा आम्ही हात धुऊन उठलेलो असू, म्हणून इतकी वर्षे ते दिसलेच नव्हते.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के. पाळी व बाळंतपण ही त्याची कारणे आहेतच. म्हणूनच तिला सकस अन्न अधिक हवे, आणि मिळते उरलेले. राजस्थानातील बांसवाडा व सिरोही जिल्ह्यांत कुटुंबाने एकत्र जेवावे, असा उपक्रम गेल्या दशकात झाला. सारे एकत्र बसले की भांड्यात किती आहे ते साऱ्यांना दिसते, आणि दिसले की वाटून घ्यावेच लागते.

मात्र एकत्र बसणे म्हणजे बाईने पुनःपुन्हा उठून वाढणे नव्हे. 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा वेळ 299 मिनिटे आणि पुरुषाचा 97 मिनिटे भरला. भांडी मध्ये ठेवावीत, ज्याने त्याने वाढून घ्यावे, ताट ज्याचे त्याने घासावे. मुलांना त्या वेळी बोलू द्यावे. जेवण म्हणजे बापाची कचेरी नव्हे.

रिकामे भांडे एकत्र बसल्याने भरत नाही, हे मी जाणतो. ज्यांची मुले सहा महिने आजीपाशी आणि आईबाप उसाच्या फडात, त्यांना मी काय सांगणार? रेशन, रोजगार आणि मजुरी यांचा लढा म्हणूनच सोडता येत नाही. पण आपल्या घरातील वाटपासाठी कोणत्याही सरकारची वाट पाहावी लागत नाही.

या अणदुरात खंडोबा वर्षाचे काही महिने असतो, काही महिने नळदुर्गात; दोन्ही गावे करार करून देव देतात-घेतात. भाकरीचाही करार घरोघर व्हावा. आणि आपल्या सभा रात्री आठच्या आत संपाव्यात. आज घरी गेल्यावर आधी विचारा : तू जेवलीस का?