मिटलेली अक्षरे



सार्वजनिक ठिकाणच्या दूरचित्रवाणी संचावर बोलण्याबरोबर अक्षरेही दिसलीच पाहिजेत, अशी सक्ती असावी काय, एवढाच आजचा प्रश्न आहे. विषय लहान वाटेल. पण समजा, तुम्ही एस.टी. स्थानकावर बसला आहात, पडद्यावर पुराची बातमी चालली आहे आणि शेजारची माणसे एकाएकी उठून चालू लागली. तुम्हाला ऐकू येत नाही. आता विचारायचे कोणाला, आणि उत्तर ऐकायचे कशाने?

या अक्षरांना 'क्लोज्ड कॅप्शन' म्हणतात. 'क्लोज्ड' म्हणजे मिटलेली. कार्यक्रमाबरोबर ती येतात, पण कळ दाबल्याखेरीज उमटत नाहीत. अमेरिकेत १९८० साली ती सुरू झाली, तेव्हा ती उलगडणारी पेटी वेगळी विकत घ्यावी लागे. १९९० साली कायदा झाला आणि जुलै १९९३ पासून १३ इंच व त्याहून मोठ्या पडद्याच्या नव्या संचांत ती सोय आतच आली. पेटीचा खर्च गेला. राहिली ती कळ. घरी ती आपल्या हाती असते, उपाहारगृहात मालकाच्या.

मेख आहे ती इथे. "मागा म्हणजे लावू," असे मालक म्हणतो, आणि त्यात त्याला आपले औदार्यही दिसते! पण ज्याला ऐकू येत नाही त्यानेच गल्ल्यापाशी जाऊन, खुणा करून, चारचौघांदेखत आपले बहिरेपण सांगायचे, ही त्या औदार्याची किंमत. ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराने २०१५ साली नियम केला, की लोकांसाठी जागा उघडी असेतो अक्षरे चालूच ठेवावीत. २०१९ साली सिॲटलनेही तसाच नियम केला. खेळाचा गुणफलक अक्षरांखाली कधी झाकला जातो, हे मी नाकारीत नाही. तेवढे सोसावे. गोंगाटात तुम्हाआम्हालाही तीच अक्षरे उपयोगी पडतात.

आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांसंबंधी २०१६ चा कायदा आहे. त्याच्या ४२ व्या कलमात कॅप्शनचा उल्लेखही आहे. तथापि आपली अडचण आणखी मागची. मराठी बातम्यांच्या वेळी पडद्याखाली जी पट्टी धावते ती ठळक बातम्यांची. निवेदकाचे बोलणे तीत नसते. तेव्हा नुसत्या हॉटेलवाल्याला धरून भागणार नाही, वाहिन्यांनाही धरावे लागेल. पण वाहिन्या करीपर्यंत आपण थांबू, हे म्हणणे मला मान्य नाही. ज्या कार्यक्रमाबरोबर अक्षरे येतात, त्यापुरती कळ आज रात्रीही दाबता येईल. रिमोट गल्ल्याच्या खणातच असतो.