दारावरची थाप

मिशनरी हा शब्द ऐकला कीं आपल्या डोळ्यांपुढें सातासमुद्रांपलीकडून आलेला, मेहनतीनें मराठी शिकलेला साहेब उभा राहतो. १८१३ सालीं मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी आणि १८२९ सालीं आलेले डॉ. जॉन विल्सन यांच्यापासून ही ओळख आपल्याकडे चालत आलेली आहे. त्यामुळें खुद्द युरोपांतील घरांचीं दारेंहि कोणी धर्मोपदेशक ठोठावीत हिंडत असतील, हें माझ्या ध्यानींमनीं नव्हतें. नोकरीनिमित्त इंग्लंडांत लीड्स शहरीं राहण्याचा योग आला, तेव्हां तें मला प्रत्यक्षच कळलें.

लाल विटांच्या, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या गल्लींत मी एकटाच राहत होतों. २०२२ सालच्या नोव्हेंबरांत एका शनिवारीं सकाळीं दारावर थाप पडली. तेथें येऊन मला तीन महिने झाले होते. पार्सल आणणाऱ्या माणसाखेरीज त्या दाराला कोणी हात लावला नव्हता. उघडून पाहतों तों सत्तरीच्या घरांतले एक गृहस्थ आणि त्यांच्यासोबत एक तरुण मुलगी. गृहस्थांनीं हवापाण्याचे दोन शब्द बोलून मी मूळचा कोठला तें विचारलें. पुण्याचा, असें म्हणतांच मुलीनें हातांतल्या टॅब्लेटवर कांहीं शोधलें व तो माझ्याकडे वळविला. त्यावर मराठी अक्षरें होतीं! मासिकाचें नांव 'टेहळणी बुरूज'. भाषा शुद्ध होती, जरा परीटघडीची. पण जन्मांत कधीं बायबल उघडून न बसलेला मी उंबरठ्यावर उभ्याउभ्या तें पान शेवटपर्यंत वाचून गेलों.

हीं दोघें यहोवाच्या साक्षीदारांपैकीं होतीं. हा पंथ एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत अमेरिकेंत चार्ल्स टेझ रसेल यांच्या अभ्यासमंडळांतून निघाला. आजचें नांव त्यानें १९३१ सालीं घेतलें. दारोदार जाऊन प्रचार करणें हें त्यांच्यांत प्रत्येकाचें कर्तव्य मानतात. करोनाच्या सांथींत, मार्च २०२० पासून, तें बंद होतें. १ सप्टेंबर २०२२ पासून पुन्हां सुरू झालें. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना या लोकांचा मनस्वी कंटाळा. रस्त्यावर कोटटाय दिसला कीं त्या दिवा मालवून पडद्याआड बसत आणि मलाहि तसेंच करण्याचा सल्ला देत. मला तें जमलें नाहीं. जर्मनींत हिटलरच्या राजवटींत छळछावण्यांत या पंथाच्या लोकांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण लावीत, सैन्यांत जाण्यास नकार दिल्याबद्दल त्यांच्यापैकीं कित्येकांना देहान्त शासन झालें, हें मीं वाचलें होतें. त्यांचा उपदेश मला पटत नसे. पण पडद्याआड लपणें बरें वाटेना.

एकदां त्या गृहस्थांनीं क्रीट बेटावरील एका खटल्याचा उल्लेख केला. तो निकाल मीं मिळवून वाचला. २ मार्च १९८६ रोजीं सिटिया गांवीं मिनोस कोक्किनाकिस व त्यांची पत्नी एका बाईंच्या घरीं गेलीं. बाईंनीं त्यांना आंत घेतलें, बोलणें झालें. बाईंचे पति तेथील ऑर्थोडॉक्स चर्चमध्यें स्तोत्रें गाणारे. त्यांनीं पोलिसांना वर्दी दिली. दुसऱ्याचें धर्ममत बदलण्याचा अशा प्रकारचा यत्न हा ग्रीसमध्यें १९३८ सालच्या कायद्यानें गुन्हा ठरला होता, आणि कोक्किनाकिस यांना त्यापायीं आधींच साठांहून अधिक वेळां अटक झालेली! अपिलांत पत्नी सुटली, त्यांची शिक्षा कमी होऊन तीन महिन्यांवर आली. पुढें २५ मे १९९३ रोजीं स्ट्रासबुर्ग येथील मानवी हक्कांच्या न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. मात्र तो कायदाच त्यानें मोडीत काढला नाहीं. श्रद्धेची साक्ष देणें निराळें आणि दुसऱ्याच्या अडचणीचा वा दुःखाचा फायदा घेऊन त्याला ओढणें निराळें, असा भेद केला. वाचतांना तो भेद मला अगदीं स्वच्छ वाटला.

फेब्रुवारींत माझी आई गेली. पुण्यास येऊन, दिवस करून मी परत गेलों. दुसऱ्याच शनिवारीं थाप पडली. माझा चेहरा पाहून गृहस्थांनीं विचारलें, मीं सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. टोपी काढून उभे राहिले, त्यांचे डोळे भरून आले होते. मुलीनें हलक्या हातानें टॅब्लेट पुढें केला. गेलेलीं माणसें याच पृथ्वीवर पुन्हां भेटतील, असें त्यावर मराठींत लिहिलेलें होतें. 'भेटतील' हा शब्द मीं दोनदां वाचला आणि मला एकाएकीं संताप आला. कोणावर, तें मला त्या वेळीं सांगतां आलें नसतें. "कृपा करून यापुढें येऊं नका," एवढें मीं म्हटलें.

गृहस्थांनीं मान हलविली आणि खिशांतील वहींत कांहीं टिपून घेतलें. दारोदार हिंडतांना केलेल्या अशा टिपणांनाहि माहितीसंरक्षणाचा कायदा लागू पडतो, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयानें फिनलंडच्या प्रकरणांत १० जुलै २०१८ रोजीं दिलेला आहे. 'आमच्याकडे येऊं नका' म्हणणारांची यादी तेथें ठेवीत, असें त्याच निकालांत वाचलें होतें. इंग्लंडांतहि तशी कांहीं नोंद ठेवीत असावेत. कारण मी तेथें असेपर्यंत त्यांच्यापैकीं कोणीहि पुन्हां माझ्या दारीं आलें नाहीं.

शनिवारीं सकाळीं मात्र मी चहाचा पेला हातांत घेऊन खिडकीशीं उभा राहत असें. पावलें वाजत, माझ्या दाराशीं क्षणभरहि न थांबतां पुढें जात, आणि मग भिंतीपलीकडे म्हाताऱ्या बाईंच्या दारावर थाप पडे. त्यांच्या खोलींतला दिवा मालवल्याचें खटका पडतांच मला ऐकूं येई.