सुईविना ऐकलेला आवाज

एडिसनच्या काळात आवाज मेणाच्या नळकांड्यांवर कोरला जाई. आवाजाबरोबर सुई वर-खाली होई आणि मेणातला चर कमी-जास्त खोल जाई. थोडक्यात, त्या चराची खोली म्हणजेच आवाज! पण तो ऐकायला पुन्हा सुईच टेकवावी लागे आणि दर वेळी मेण थोडं झिजे. बुरशी लागलेल्या, तडकलेल्या नळकांड्यावर तर सुई ठेवायचीही सोय नसे.

गंमत पाहा, यावरची वाट रेडिओमुळेच सापडली. अमेरिकेतल्या बर्कले प्रयोगशाळेचे भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेबर यांनी २००० साली अशा नष्ट होणाऱ्या ध्वनिमुद्रणांविषयी रेडिओवर ऐकलं. आपल्या उपकरणांची सूक्ष्म मापं ते प्रकाशानंच घेत. मग चरही तसाच का मोजू नये?

पांढरा प्रकाश खास भिंगातून सोडला, की त्यातला प्रत्येक रंग निरनिराळ्या अंतरावर एकवटतो. जो रंग सर्वांत ठळक परततो, त्यावरून त्या बिंदूची उंची कळते. असे असंख्य बिंदू मोजून संगणक चराचा त्रिमिती नकाशा बनवतो आणि त्यातून आवाज काढतो.

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा आवाज कसा होता, हे ठाऊक नव्हतं. १८८५ सालची त्यांची मेणाची तबकडी अशीच प्रकाशानं वाचली गेली आणि २०१३ मध्ये स्वतःचं नाव सांगणारे बेल जगानं ऐकले.

मला मोल वाटतं ते याचं, की मोजणी संपल्यावरही वस्तू होती तशीच राहते. तेव्हा घरातली तडकलेली तबकडी निकामी समजून टाकून देऊ नका.