मेक्सिकोचे गार पाणी

मेक्सिकोतही बहुतेक भागांत एप्रिल-मे हेच काहिलीचे महिने. पाऊस यायचा जूनच्या सुमारास. तिथल्या बाजारात काचेच्या भल्यामोठ्या बरण्या लाल, पिवळ्या, पांढऱ्या पेयांनी भरून मांडलेल्या असतात. ही ‘आग्वा फ्रेस्का’, म्हणजे ताजे, गार पाणी. नावातच मर्म आहे बरं का! हा फळाचा निव्वळ रस नव्हे; फळाची चव दिलेले पाणी.

कलिंगडाचे सर्वांत सोपे. चार वाट्या बिनबियांच्या फोडी दोन वाट्या पाण्यात घुसळून गाळाव्या, एक लिंबू पिळावे. साखर दोन चमचे. फळ गोड असेल तर तीही नको.

मात्र हे उकळायचे नसते, तेव्हा पाण्यातला दोष थेट पोटात जातो. तिकडेही पुष्कळ घरी पिण्यासाठी 20 लिटरच्या बाटल्यांतून शुद्ध पाणी विकत आणतात. आपण पाणी उकळून गार करावे, कलिंगड चिरण्यापूर्वी सालीवरून स्वच्छ धुवावे. आणि बर्फ? तोही उकळलेल्या पाण्याचाच. बाजारचा खडा आत पडला की सगळी उकळाउकळ फुकट! केलेले त्याच दिवशी संपवावे; उरलेले सकाळी मुलांना देऊ नये.